उच्छ्वासाची वाट

9 जून, रविवार

देवरूखहून परतलो. गाडीत पाच माणसं, डिकीत दोन फणस, आंब्याच्या पेट्या आणि सासूबाईंनी बांधून दिलेले कुळीथ. साखरपा मागे पडलं आणि आंबा घाटाची चढण लागली. मीच चालवत होते. दुसरा गिअर, मध्येच तिसरा. वळण सुटलं की पाय दाबायचा, टर्बो गाडी वर ओढायचा, पुढचं वळण आलं की पाय सोडायचा. असं माथ्यापर्यंत.

मागून दीर त्यांच्या गाडीतून येत होते. आंब्याला चहासाठी थांबलो तेव्हा ते उतरून थेट माझ्याकडे आले. "वहिनी, तुमच्या गाडीतून निळा धूर येतोय. वळण संपून तुम्ही गाडी दाबली की लगेच."

बोनेट उघडलं. जळक्या तेलाचा वास आला. ऑइलची पट्टी तिच्या नळीतून दोन बोटं वर सरकली होती आणि आजूबाजूला तेलाचे बारीक शिंतोडे होते. ही पट्टी एरवी घट्ट बसलेली असते, काढायची तर जोर लावावा लागतो. आतून कुणी ढकलल्याशिवाय ती वर येणार नाही. पुसून तेल पाहिलं, खालच्या खुणेच्या जेमतेम वर. पट्टी दाबून बसवली आणि कोल्हापूरपर्यंत गाडी हळू आणली.

किलोमीटर 1,08,400. आठ वर्षांत या गाडीने मला कधी रस्त्यात सोडलेलं नाही. तिचं काय दुखतंय ते नीट कळेपर्यंत ती घाटात न्यायची नाही.

11 जून, मंगळवार

कॉलेज सुटल्यावर गाडी एका मोठ्या गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा पाइप काढला, आत बोट फिरवलं आणि तेलाने काळं झालेलं बोट माझ्यापुढे धरलं. "टर्बो गेला, मॅडम. बॅक कॉम्प्रेशनही असणार. रिंगा गेल्या असतील तर इंजिन खोलावं लागेल." नुसत्या टर्बोचे 85,000 रुपये सांगितले. इंजिनाचं खोलल्यावर कळेल म्हणाले.

पाइपात तेल होतं, हे माझ्याही डोळ्यांना दिसलं. पण ते तिथे आलं कसं, याचं उत्तर त्या बोटावर नव्हतं. मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवते. परीक्षानळीतला रंग बदलला की मुलं लगेच निष्कर्ष लिहायला घेतात. त्यांना थांबवून मी विचारते, हा रंग आणखी कशाकशाने येऊ शकतो ते आधी लिहा. आज मी स्वतःला तेच विचारलं आणि चार दिवसांची मुदत मागून घेतली.

13 जून, गुरुवार

रात्री कागद घेऊन बसले. जे पक्कं माहीत आहे ते आधी मांडते.

सिलिंडरमध्ये भडका उडतो तेव्हा दट्ट्याच्या रिंगा तो दाब अडवतात, पण पूर्ण नाही. नव्या कोऱ्या इंजिनातही थोडा वायू रिंगांच्या फटींतून खाली तेलाच्या चेंबरात निसटतो. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, जळून झालेला धूर असतो आणि पाण्याची वाफ असते. खाली क्रँक मिनिटाला हजारो फेरे फिरतोय, गरम तेलाचा फवारा उडतोय. हे सगळं मिसळून तेलाचं धुकं तयार होतं. त्याला बाहेर जायला वाट दिली नाही तर चेंबरातला दाब वाढतो. मग तेल सापडेल त्या फटीतून बाहेर पडतं: सीलमधून, पॅकिंगमधून, पट्टीच्या नळीतून. वायू आत कोंडून राहिला तर दुसरंही नुकसान आहे. पाणी आणि ज्वलनातली आम्लं तेलात उतरतात, तेलाचा चिखल होतो, बेअरिंगा खाल्ल्या जातात.

टर्बोच्या गाडीत हा प्रश्न आणखी अवघड. भडक्याचा दाब जास्त, म्हणून रिंगांतून निसटणारा वायूही जास्त. साध्या पेट्रोल गाडीत इनटेक मॅनिफोल्डमध्ये बहुतेक वेळ ओढ असते आणि तीच चेंबरातलं धुकं खेचून घेते. टर्बो हवा भरायला लागला की त्याच मॅनिफोल्डमध्ये ओढीच्या जागी दाब येतो. एकाच घराचं दार कधी आत ओढतं, कधी बाहेर ढकलतं. म्हणून वाटा दोन ठेवाव्या लागतात. गाडी निवांत असताना धुकं मॅनिफोल्डकडे जातं, टर्बो जोरात असताना टर्बोच्या तोंडाशी असलेल्या हवेच्या पाइपात जातं.

लिहिताना आप्पांच्या इंजिनाची आठवण आली. शिरोळकडच्या आमच्या विहिरीवर एका सिलिंडरचं ऑइल इंजिन होतं. हँडल मारून सुरू करायचं, पट्टा चढवायचा आणि पाटाला पाणी सुटेपर्यंत तिथेच उभं राहायचं. त्याच्या पोटाच्या झाकणावर एक लहान ब्रीदर होता आणि त्यात पत्र्याची पातळ चकती. दट्ट्या खाली आला की चकती उचलायची आणि आतला वारा बाहेर पडायचा. दट्ट्या वर गेला की ती बसायची. त्यामुळे पोटात कायम थोडी ओढ राहायची आणि तेल बाहेर झिरपत नसे. आप्पा रोज त्या भोकापुढे तळहात धरायचे. एक दिवस म्हणाले, "वारं लई मारायला लागलंय, रिंगा बघाय पायजेत." मी सातवीत होते. इंजिनालाही श्वास असतो आणि तो हाताला कळतो, हे मी तेव्हा शिकले.

15 जून, शनिवार

उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे गेले. त्यांच्या वडिलांचा लेथ होता. हे स्वतः वीस वर्षं फक्त पेट्रोल गाड्या करतात. मी सगळं सांगितलं: चढण, धूर, वर आलेली पट्टी, तेलाचं बोट.

त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "मॅडम, तेल दिसतंय तितं बघायचं न्हाई. तेल कुणी ढकललं ते बघायचं. टर्बो खोलायच्या आधी चेंबरचा दाब बघूया."

दाब मोजायला काय वापरणार, असं विचारल्यावर त्यांनी लाकडी फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून ठोकलेली पारदर्शक नळी दाखवली. शेजारी मीटरपट्टी डकवलेली. आमच्या प्रयोगशाळेतला मॅनोमीटर तो हाच. चेंबरातला दाब इतका कमी असतो की टायरच्या गेजवर काटा हलणार नाही, पण पाण्याच्या नळीत सेंटिमीटर सेंटिमीटर वाचता येतो. त्यांनी तेल ओतायच्या जागेसाठी एक जुनं झाकण भोक पाडून, निपल बसवून ठेवलं आहे. मी एकच भर सुचवली: मध्ये रिकामी बाटली जोडा, म्हणजे ओढ अचानक वाढली तर पाणी इंजिनात न जाता बाटलीत अडकेल. त्यांनी लगेच जोडली.

इंजिन गरम करून उभ्या गाडीवर वाचन घेतलं. 6 सेंटिमीटर ओढ. सहा मिनिटं पाहिलं, पाणी जागचं हललं नाही. रिंगा गेलेल्या असत्या तर एव्हाना चेंबरात दाब दिसायला हवा होता. गाडी उभी असताना दोष दिसत नाही. मग घाटात काय होतं?

18 जून, मंगळवार

मिस्त्रींनी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं: 12.5, 12.2, 12.4, 12.3 बार. चौघांत फरक जवळजवळ नाही. रिंगा शाबूत आहेत. माझ्या खांद्यावरचं एक ओझं उतरलं.

मग टर्बोच्या तोंडाचा पाइप काढला आणि त्यांनी मला आतला पंखा बोटांनी हलवून बघायला लावला. आडवा किंचित हलतो. तो हलायलाच हवा, कारण दांडा तेलाच्या थरावर तरंगत फिरतो. पुढे-मागे मात्र हलला नाही. पात्यांना घासल्याची खूण नाही. टर्बो चांगला आहे.

"मग पाइपात तेल का?"

त्यांनी टर्बोखालची जाड नळी दाखवली. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. त्याला तेल वरून बारीक नळीने दाबाखाली येतं, पण परत जाताना ते फक्त स्वतःच्या वजनाने, उतारावरून खाली चेंबरात पडतं. म्हणून परतीची नळी इतकी जाड. आणि टर्बोच्या दांड्याला रबरी सील नसतं, बारीक रिंगा असतात. त्या तेल अडवतात ते दोन्हीकडच्या दाबांतल्या फरकाच्या भरवशावर. चेंबरातच दाब झाला की तेल खाली उतरत नाही. मोरी तुंबली की पाणी उंबरा ओलांडून घरात येतं, तसं ते रिंगांवरून पंख्याकडे आणि सायलेन्सरकडे जातं. लोक टर्बो बदलतात. चेंबरचा दाब तसाच राहतो आणि नवा टर्बोही काही महिन्यांत तेल सोडायला लागतो. "असे तीन टर्बो बघितल्यात मी," मिस्त्री म्हणाले. "एकाच गाडीचे."

20 जून, गुरुवार

आज दोषाला पकडलं.

मिस्त्रींनी लांब नळी घेतली, झाकणापासून बोनेटच्या फटीतून खिडकीवाटे आत आणली आणि फळी माझ्या मांडीवर दिली. पाणी स्पष्ट दिसावं म्हणून मी प्रयोगशाळेतून पोटॅशियम परमँगनेटचा खडा आणला होता. पाणी जांभळं झालं. ते चालवायला बसले, मी वाचायला.

शहरातून बाहेर पडेपर्यंत 5 ते 7 सेंटिमीटर ओढ. केर्लीपर्यंत तेच. वाघबिळाची चढण लागली, त्यांनी तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दाबली. टर्बोचा आवाज आला आणि त्याच क्षणी दोन्ही बाजूंचं पाणी एका पातळीवर आलं, उलटं फिरलं आणि चढत गेलं. 10, 20, 30. मी आकडे मोठ्याने सांगत होते. चाळीसच्या पुढे नळीचं उघडं टोक संपलं आणि पाणी माझ्या साडीवर सांडलं. त्यांनी पाय सोडला, पाणी परत ओढीकडे गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वर. पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंत पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा तेच.

आता दोषाचं वर्णन एका वाक्यात लिहिता येतं: टर्बो हवा भरतो तेव्हा, आणि फक्त तेव्हाच, चेंबरात दाब होतो. रिंगा दोषी असत्या तर दाब भारानुसार हळूहळू वाढला असता. हा दाब टर्बोबरोबर येतो आणि टर्बोबरोबर जातो. म्हणजे टर्बोने दाबलेली हवाच कुठून तरी चेंबरात शिरते आहे.

"फूट व्हॉल्व्ह गेला," मिस्त्री म्हणाले. विहिरीवरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

22 जून, शनिवार

टॅपेट कव्हरपासून मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या नळीत एक चेक व्हॉल्व्ह असतो. धुक्याने चेंबराकडून मॅनिफोल्डकडे जावं, पण टर्बोची हवा उलट चेंबरात येऊ नये, एवढंच त्याचं काम. विहिरीतलं पाणी वर जाऊ देणारा आणि परत खाली न सोडणारा फूट व्हॉल्व्ह तसाच.

मिस्त्रींनी तो काढून फुंकून बघायला दिला. एका बाजूने फुंकलं, हवा गेली. दुसऱ्या बाजूने फुंकलं, तरी गेली. कापून उघडला तेव्हा आतली रबराची चकती दिसली, रुपयाच्या नाण्याहून लहान. आठ वर्षांच्या उष्णतेने आणि तेलाच्या वाफेने ती कडक झाली होती आणि तिच्या कडेचा नखाएवढा तुकडा तुटला होता. उभ्या गाडीत मॅनिफोल्ड ओढत असतो, तेव्हा चकती उघडीच असते. तुटलेली असो वा धड, फरक कळत नाही. मिटायची वेळ फक्त चढणीला येते आणि तिथेच ती हरत होती.

पाइपातल्या तेलाचा उलगडाही झाला. मॅनिफोल्डमधली दाबलेली हवा चेंबरात शिरायची, तेलाचं धुकं उचलायची आणि दुसऱ्या वाटेने टर्बोच्या तोंडाशी जायची. टर्बो ते धुकं पुन्हा दाबून पुढे पाठवायचा. तेल टर्बोतून गळण्याआधीच टर्बोत शिरत होतं. गॅरेजवाल्यांच्या बोटाला लागलेलं तेल खरं होतं, त्याचा प्रवास मात्र त्यांनी उलटा वाचला होता.

नळीसकट नवा व्हॉल्व्ह 2,600 रुपये. तुटलेली चकती मी मागून घेतली आणि या पानाला डकवली.

25 जून, मंगळवार

दोष गेला तरी त्याने मागे ठेवलेली घाण काढायची होती. इंटरकूलर उतरवून उलटा धरला, तर भांड्यात वाटीभर तेल आलं. थोडा ओलावा प्रत्येक टर्बो गाडीत असतो. एवढा साठा मात्र धोक्याचा. चढणीला जोराची हवा तो उचलून एकदम सिलिंडरमध्ये नेते. तेल मिसळलं की पेट्रोलची ठोका सहन करायची ताकद कमी होते. शिवाय थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनात तेलाचा एखादा थेंब ठिणगीच्या आधीच पेट घेऊ शकतो. कमी फेऱ्यांवर, वरच्या गिअरमध्ये गाडी रेटत नेली की हे घडतं आणि एका दणक्यात दट्ट्याची कड तुटू शकते. तेलातल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटचा यात हात असतो. म्हणूनच 2020 मध्ये आलेल्या एपीआय एसपी दर्जाच्या तेलाला याची वेगळी परीक्षा द्यावी लागते. मी मॅन्युअलमधली ग्रेड तीच ठेवून एसपीचं तेल घेतलं. घाटात वरच्या गिअरमध्ये रेटायचं नाही, खालचा गिअर टाकायचा, हेही ठरवलं.

इनटेकचे व्हॉल्व्ह पाहिले. देठांवर डांबरासारखा काळा थर. जुन्या पद्धतीत पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये फवारलं जायचं आणि जाता जाता व्हॉल्व्ह धुऊन निघायचे. आता पेट्रोल थेट आत जातं, व्हॉल्व्हवरून फक्त हवा आणि हे तेलकट धुकं जातं. तापलेल्या देठावर तेल बसतं आणि भाजून कडक होतं. मिस्त्रींनी एकेका सिलिंडरचे व्हॉल्व्ह मिटलेल्या स्थितीत आणून औषध भिजत ठेवलं, नायलॉनच्या ब्रशने घासलं, घाण व्हॅक्यूमने ओढून घेतली. दिवसभराचं काम. मी संध्याकाळपर्यंत थांबले.

30 जून, रविवार

पुतण्या सुट्टीला आला आहे, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. म्हणाला, "काकू, ती ब्रीदरची नळी काढून टाका ना. तोंडाला छोटा फिल्टर लावायचा आणि वाफ बाहेर सोडायची. इनटेकमध्ये तेलच जाणार नाही."

त्याला मी शेजारी बसवून उत्तर दिलं, कारण प्रश्न चांगला होता.

ती वाफ म्हणजे काय, हे आधी बघ. न जळलेलं पेट्रोल त्यात आहे, बेंझिन आहे. जुन्या ट्रकांच्या पोटाखाली लोंबणाऱ्या नळीतून ती रस्त्यावर सोडली जायची. जुन्या मोटारींतही तसंच होतं. मग 1940 च्या दशकात लॉस एंजेलिसवर पिवळट धुरकं साचायला लागलं, डोळे चुरचुरायचे. एरी हागेन-स्मिट नावाचे डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ तिथल्या कॅलटेक संस्थेत अननसाच्या सुगंधावर काम करत होते. त्यांनी हवेतले पदार्थ वेगळे करायची आपली पद्धत त्या धुरक्याला लावली आणि दाखवून दिलं, की गाड्यांतून आणि तेलशुद्धी कारखान्यांतून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकमेकांशी क्रिया करतात आणि त्यातून ओझोन तयार होतो. त्यानंतर गाड्यांवर जे पहिले उपाय आले, त्यांत हाच होता. 1961 च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांत चेंबरची वाफ परत इंजिनात नेऊन जाळायला सुरुवात झाली. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. आपल्याकडच्या नियमांतही पेट्रोल गाडीच्या चेंबरातून बाहेरच्या हवेत काहीही सोडायला मनाई आहे आणि त्याची वेगळी चाचणी होते.

"म्हणजे त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला माणसं आहेत," मी त्याला म्हटलं. "सिग्नलला मागे उभा राहिलेला स्कूटरवाला आणि त्याच्यापुढे उभं राहिलेलं त्याचं पोर. आपल्या व्हॉल्व्हवर थर बसू नये म्हणून ते त्यांच्या छातीत सोडायचं का?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग वाफेतलं तेल वेगळं करू. वाफ जाऊ दे तिच्या वाटेने."

हे बरोबर आहे. हेच करायचं.

6 जुलै, शनिवार

कॅच कॅन बसवला. ही तेल धरणारी डबी. पुतण्याने आधी दोन पसंत केल्या होत्या, बाहेरून चकचकीत, आत पोकळ. त्या परत केल्या. धुक्यातले तेलाचे कण इतके बारीक असतात की रिकाम्या डबीत ते हवेबरोबर वळण घेऊन निघून जातात. त्यांना आदळायला काहीतरी लागतं. आम्ही घेतलेल्या डबीत आडवे पडदे आहेत आणि स्टीलच्या तारेची दाट जाळी. कण जाळीवर आदळतात, एकमेकांना चिकटून थेंब होतात आणि तळाला जातात. थंड पृष्ठभागावर वाफ लवकर पाणी होते, म्हणून ती सायलेन्सरच्या बाजूला न बसवता पुढे, वाऱ्याच्या जागी बसवली.

मिस्त्रींनी तीन गोष्टींवर तडजोड केली नाही, म्हणून त्या इथे लिहून ठेवते. नळी मूळ नळीपेक्षा बारीक घ्यायची नाही, नाहीतर आपणच वाट आवळून दाब तयार करतो. नळी तेल-पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची हवी. साधी पारदर्शक नळी गरम झाली की ओढीने चपटी होते, साधं सिलिकॉन तेलाने फुगतं. आणि चेक व्हॉल्व्ह जागच्या जागी राहिला पाहिजे. डबी त्याच्या आधी बसते, त्याच्याऐवजी बसत नाही.

सगळं झाल्यावर पुन्हा फळी मांडीवर घेतली. उभ्या गाडीत 6 सेंटिमीटर ओढ. वाघबिळाच्या चढणीला, टर्बो पूर्ण जोरात असताना, 3 सेंटिमीटर ओढ. पाणी उलटं फिरलं नाही. मिस्त्रींनी चढणीवरच गाडी कडेला घेतली आणि स्वतः उतरून आकडा बघितला.

20 जुलै, शनिवार

पंधरा दिवस संततधार. पंचगंगेचं पाणी चढतंय. गाडी फक्त घर ते कॉलेज, तीन किलोमीटर जाणं, तीन येणं.

डबी रिकामी केली. दुधाळ, तपकिरी, पातळ दह्यासारखं. मोजपात्रात 38 मिलिलिटर. प्रयोगशाळेच्या कपाटात झाकून ठेवलं आहे.

शेजारच्या खोलीतल्या सहकारी घाबरून आल्या. त्यांच्या गाडीच्या तेलाच्या झाकणाखाली लोण्यासारखं काही साचलं होतं आणि कुणी सांगितलं होतं की हेड गॅस्केट गेलं. मी त्यांना माझं मोजपात्र दाखवलं आणि फळ्यावर गणित मांडलं. पेट्रोलमधला एक प्रातिनिधिक घटक ऑक्टेन घेतला, तर 114 ग्रॅम जळून 162 ग्रॅम पाणी होतं. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलो. म्हणजे लिटरभर पेट्रोल जाळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन निघतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं रिंगांतून खाली उतरतं. तीन किलोमीटरमध्ये तेल पुरेसं तापत नाही, ते पाणी उडून जात नाही, आणि तेलात घुसळून लोणी येतं. रेडिएटरचं पाणी कमी होतंय का, ते आधी बघा. होत नसेल तर रविवारी गाडी तासभर महामार्गावर चालवा आणि झाकण पुन्हा उघडा.

22 जुलै, सोमवार

मोजपात्रात थर वेगळे झाले. तळाला 23 मिलिलिटर गढूळ पाणी, वर पेट्रोलचा वास येणारं तेल. वर्गात नेऊन मुलांना दाखवलं. हे सगळं एरवी पुन्हा तेलात आणि व्हॉल्व्हवर गेलं असतं. नंतर बाटलीत भरून मिस्त्रींच्या वापरलेल्या तेलाच्या पिंपात टाकायला दिलं. गटारात ओतायचं नाही, हे मुलांना दोनदा सांगितलं.

6 सप्टेंबर, शुक्रवार

उद्या चतुर्थी. गणपतीसाठी देवरूखला आलो. उतरताना आंबा घाटात धुकं इतकं होतं की पुढच्या गाडीचे दिवे तेवढे दिसत होते. पायथ्याशी थांबून दिरांना फोन करून विचारलं, मागून काही दिसलं का. "काही नाही, वहिनी. स्वच्छ."

12 सप्टेंबर, गुरुवार

गौरी-गणपतीचं विसर्जन करून निघालो. पुन्हा पाच माणसं, पुन्हा भरलेली डिकी, पुन्हा तीच चढण. आंब्याला त्याच टपरीजवळ थांबलो. बोनेट उघडलं. पट्टी जागेवर, नळीभोवती कोरडं. पुसून पाहिलं, तेल वरच्या खुणेला. डबीत 9 मिलिलिटर, आणि यावेळी पाण्याचा अंशही नाही. इंजिन तासनतास तापलेलं होतं, पाणी वाफ होऊन निघून गेलं, मागे राहिलं ते निव्वळ तेल.

14 सप्टेंबर, शनिवार

शिरोळला भावाकडे गेले. आप्पांचं इंजिन विहिरीवर मोटार बसल्यापासून गोठ्यात पडून आहे. भावाला ब्रीदर खोलायला सांगितलं. आटा गंजला होता. रॉकेल सोडून अर्धा तास थांबलो, मग सुटला. आत पत्र्याची चकती होती, कडेला झिजलेली, पण सपाट. बोटाने दाबली तर अजून बसते. भाऊ म्हणाला, "ताई, घेऊन जा." मी ती परत आत ठेवली आणि झाकण लावलं. ती तिथलीच आहे.

घरी येऊन गाडीच्या सर्व्हिसच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलं: दर 20,000 किलोमीटरला चेक व्हॉल्व्ह काढून दोन्ही बाजूंनी फुंकून पाहणे. चढणीवर चेंबरची ओढ मोजणे, 3 सेंटिमीटर किंवा जास्त असावी. पावसाळ्यात डबी दर पंधरवड्याला रिकामी करणे.